वाचकांचे प्रश्न : नेटवर्क कार्डाच्या सेटिंग्जची नोंद कशी ठेवावी?

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती आहेत: नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांच्या सेटिंग्ज लिहून कशा ठेवायच्या आणि लिहिलेलं खरं आहे का हे कसं पडताळायचं. आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना लहान रोमन अक्षरं वापरा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे आठ-दहा लिनक्स सर्व्हर आहेत, प्रत्येकात दोन ते चार पोर्ट. आधीच्या माणसाने ठेवलेल्या स्प्रेडशीटमध्ये पोर्टचं नाव, आयपी आणि वेग एवढंच आहे. कार्ड बदललं की सगळं नव्याने शोधावं लागतं. नोंदीत नेमकं काय हवं?

पोर्टचं नाव आणि आयपी ही ऑपरेटिंग सिस्टिमची माहिती झाली. कार्डाची ओळख वेगळी लिहावी लागते, आणि ती कार्ड मशीनमध्ये असतानाच घेऊन ठेवलेली बरी. 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. चौकोनी कंसात व्हेंडर आणि डिव्हाइसचा क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ ८०८६:१५२१ म्हणजे इंटेलचं आय३५०. त्याखालची सबसिस्टिमची ओळ सोडू नका. एकाच चिपवर वेगवेगळ्या सर्व्हर कंपन्या आपापली कार्डं बनवतात आणि त्यांचं फर्मवेअर एकमेकांना चालेलच असं नाही. तिसरी ओळ 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ची. ड्रायव्हरचं नाव तिथून उचला.

मग 'इथटूल -आय' आणि पुढे पोर्टचं नाव. यातून फर्मवेअरची आवृत्ती आणि बसवरचा पत्ता मिळतो. ड्रायव्हरची आवृत्तीही दिसते, पण कर्नलबरोबर येणारे अनेक ड्रायव्हर आता तिथे कर्नलचीच आवृत्ती दाखवतात. त्यामुळे ड्रायव्हर कर्नलबरोबर आलेला आहे की कंपनीच्या पॅकेजमधून वेगळा बसवलेला आहे, हे स्वतः लिहावं लागतं. पुढच्या उत्तरात कळेल की अर्धी डोकेदुखी इथूनच सुरू होते. मॅक पत्ता 'इथटूल' ला मोठ्या अक्षरातला -पी देऊन घ्या. तो कार्डात कोरलेला कायमचा पत्ता दाखवतो. नेहमीच्या 'आयपी लिंक' मध्ये बॉन्डिंगने (अनेक पोर्ट एकत्र जोडण्याने) किंवा कोणीतरी हाताने बदललेला पत्ता दिसू शकतो.

एक नोंद जवळजवळ कोणीच करत नाही: स्लॉटची रुंदी. रूट म्हणून 'एलएसपीसीआय -व्हीव्ही' चालवा आणि 'लिंककॅप' व 'लिंकस्टा' या दोन ओळींची तुलना करा (पडद्यावर त्या एलएनकेकॅप, एलएनकेस्टा अशा दिसतात). पहिली कार्डाची क्षमता, दुसरी प्रत्यक्षात मिळालेली जोडणी. २५ गिगाबिटच्या दोन पोर्टांचं कार्ड ८ लेनसाठी (डेटाच्या समांतर वाटांसाठी) बनलेलं असतं. तेच ८ जीटी (सेकंदाला ८ अब्ज हस्तांतरणं) वेगाच्या ४ लेनच्या स्लॉटमध्ये बसलं तर दोन्ही पोर्ट मिळून सुमारे ३१ गिगाबिटच्या वर जाणार नाहीत, मग ड्रायव्हरमध्ये काहीही फिरवा. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवलं की हा आकडा बदलू शकतो, म्हणून स्लॉटचा छापील क्रमांकही शेजारी लिहा.

ओळख झाली की सेटिंग्ज. इथे प्रत्येक सेटिंगसाठी पाच गोष्टी लागतात: मूळची किंमत, आताची किंमत, ती का बदलली, ती कुठल्या फाइलमधून लागू होते आणि कुठल्या आज्ञेने तपासायची. सगळ्या सेटिंग्ज लिहीत बसू नका. मूळपेक्षा वेगळ्या आहेत तेवढ्याच लिहा, बाकी यंत्राकडून काढून फाइलमध्ये साठवा. एका पोर्टची नोंद अशी दिसेल:

पोर्ट : ईएनपी३एस०एफ०, स्लॉट २, कार्डावरचं वरचं पोर्ट
चिप : ८०८६:१५२१, ड्रायव्हर आयजीबी, कर्नलबरोबरचा
बस : ००००:०३:००.०, क्षमता ५ जीटी × ४, मिळालेली ५ जीटी × ४
आरएक्स रिंग (येणारी पाकिटं ठेवायच्या जागा) : मूळ २५६, आता १०२४, कमाल ४०९६
कारण : बॅकअपच्या वेळी आरएक्स-नो-बफर-काउंट वाढत होता
कुठून : सिस्टिमडीची डॉट-लिंक फाइल, आरएक्सबफरसाइझ ही ओळ
तपासणी : इथटूल -जी; 'करंट हार्डवेअर सेटिंग्ज' खालचा आकडा
उलट फिरवायचं तर : ओळ काढून रीबूट

'कारण' ही ओळ सर्वांत जास्त टाळली जाते. ती नसेल तर दोन वर्षांनी १०२४ हा आकडा काढायला कोणी धजावत नाही आणि वाढवायलाही.

आकडा नेहमी परत वाचून लिहा; आपण दिलेला आकडा लिहू नका. आयजीबी रिंगचा आकार ८ च्या पटीत नेतो. तुम्ही १००१ मागितले तर तो मुकाट्याने १००८ ठेवतो. इंटरप्टमधलं (कार्ड प्रोसेसरला देतं त्या हाकांमधलं) अंतर ठरवणाऱ्या 'आरएक्स-युसेक्स' चंही तसंच, काही चिपना ते २ मायक्रोसेकंदांच्या पटीतच ठेवता येतं. शिवाय 'अॅडॅप्टिव्ह आरएक्स' चालू असेल तर ड्रायव्हर ते अंतर रहदारी पाहून स्वतः बदलत राहतो. अशा वेळी आकडा लिहिण्यात अर्थ नाही, 'अॅडॅप्टिव्ह चालू' एवढंच लिहा.

आणि रिंग वाढवली की स्मृतीचा हिशेबही मांडा. ४०९६ डिस्क्रिप्टर (रिंगमधल्या जागा) आणि प्रत्येकी २ केबीचा बफर धरला तर एका रांगेला ८ एमबी. १६ रांगांच्या पोर्टला १२८ एमबी. मोठ्या सर्व्हरवर हे चालून जातं. छोट्या राउटर-बोर्डवर याच कारणाने पोर्ट वर येत नाही आणि लोक केबल बदलत बसतात. चालू यंत्रावर रिंग बदलताना अनेक ड्रायव्हर पोर्ट क्षणभर खाली-वर करतात, तेही नोंदीत असू द्या.

प्रश्न : मॉड्यूलचे (कर्नलमध्ये चढवल्या जाणाऱ्या ड्रायव्हरचे) पॅरामीटर मॉडप्रोबडॉटडी फोल्डरमधल्या फाइलमध्ये लिहून ठेवले आहेत. कर्नल अपडेट झाल्यापासून ते लागू होत नाहीत, पण चूकही दिसत नाही. फाइल तर जशीच्या तशी आहे.

तीन-चार शक्यता आहेत, या क्रमाने पाहा.

'डीमेसेज' मध्ये (कर्नलच्या संदेशांमध्ये) ड्रायव्हरच्या नावाशेजारी 'अननोन पॅरामीटर ... इग्नोर्ड' अशी ओळ शोधा. कर्नलला अनोळखी पॅरामीटर मिळाला तर तो एक इशारा देतो आणि मॉड्यूल बिनबोभाट चढवतो. टायपिंगची चूक म्हणूनच लपून राहते. तुमच्या बाबतीत जास्त संभव याचा वाटतो: आधी कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवलेला होता, कर्नल बदलल्यावर तो नव्या कर्नलसाठी बांधला गेला नाही आणि कर्नलबरोबरचा त्याच नावाचा ड्रायव्हर चढला. इंटेलच्या आयएक्सजीबीईचं असंच होतं. कंपनीच्या आवृत्तीत इंटरप्टथ्रॉटलरेट, आरएसएस असे बरेच पॅरामीटर आहेत, कर्नलमधल्या आवृत्तीत मोजकेच. 'मॉडइन्फो -पी' ने चढणाऱ्या ड्रायव्हरचे पॅरामीटर पाहा आणि 'मॉडइन्फो -एन' ने तो कुठल्या फोल्डरमधून येतो ते पाहा.

इशारा नसेल तर सुरुवातीच्या रॅम-प्रतिमेकडे या. नेटवर्क ड्रायव्हर अनेकदा या प्रतिमेतून, म्हणजे इनिटरॅमएफएसमधून, चढतो आणि त्याच्याजवळ तुमच्या फाइलची जुनी प्रत असते. डेबियन घराण्यात 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू', फेडोरा-रेडहॅट घराण्यात 'ड्रॅकट -एफ' चालवून प्रतिमा नव्याने बांधा. फाइलच्या नावाला 'डॉट कॉन्फ' शेपूट आहे ना, हेही पाहा. नसेल तर ती वाचलीच जात नाही. आणि नव्या कर्नलमध्ये तोच ड्रायव्हर मॉड्यूलऐवजी कर्नलच्या आतच बांधलेला असेल तर या फाइलचा उपयोग नाही. पॅरामीटर बूटच्या ओळीत 'मॉड्यूलचं नाव, टिंब, पॅरामीटर' असा द्यावा लागतो.

पडताळणीसाठी सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या 'सिस' फोल्डरात) 'मॉड्यूल' या फोल्डरात ड्रायव्हरच्या नावाखाली 'पॅरामीटर्स' पाहा. तिथे एखादा दिसला नाही म्हणून तो लागू नाही असं समजू नका, ड्रायव्हर लिहिणाऱ्याने परवानगी शून्य ठेवली असेल तर तो तिथे उमटतच नाही.

नोंद करताना आणखी एक: ई१०००ई सारखे काही ड्रायव्हर स्वल्पविरामांनी तोडलेली यादी घेतात, पहिला आकडा पहिल्या सापडलेल्या पोर्टला, दुसरा दुसऱ्याला. उद्या त्याच ड्रायव्हरचं नवं कार्ड आलं की हा क्रम सरकू शकतो. अशा ठिकाणी कुठला आकडा कुठल्या बस-पत्त्यासाठी आहे ते फाइलमध्येच टिप्पणी करून लिहा.

प्रश्न : विंडोजच्या मशीनवर जंबो पॅकेट ९०१४ आणि लिनक्सवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० आहे. दोन्हीकडे सारखा आकडा लिहावा का?

दोन्ही सारखेच आहेत, मोजण्याची जागा वेगळी आहे. विंडोजचा जंबोपॅकेट हा आकडा १४ बाइटचं इथरनेट हेडर धरून आहे, लिनक्सचा एमटीयू ते सोडून. ९००० अधिक १४ म्हणजे ९०१४. शेवटच्या तपासणी-बेरजेचे ४ बाइट दोघेही धरत नाहीत. तारेवरची पूर्ण चौकट ९०१८ होते, व्हीलॅनचा टॅग असेल तर ९०२२. स्विचवर अनेकदा ९२१६ असा आकडा दिसतो तो ही सगळी जागा सोडून ठेवलेला असतो. काही ड्रायव्हर नुसतं 'नऊ केबी' लिहितात, त्यांच्यावर विसंबू नका.

नोंदीत एकच रकाना ठेवा, 'आयपीचा एमटीयू', आणि शेजारी त्या त्या ठिकाणी टाकलेला आकडा. तपासणीही त्याच ओळीत: लिनक्सवर 'पिंग -एम डू -एस ८९७२' (यातला एम मोठा), विंडोजवर 'पिंग -एफ -एल ८९७२'. ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ वजा केले की ८९७२ उरतात. आयपीव्ही६ वर ८९५२. हा पिंग गेला आणि ८९७३ चा अडला, तर सेटिंग खरी. नुसता साधा पिंग जातो म्हणून जंबो चालतं असं लिहिलेल्या नोंदी निरुपयोगी असतात, साधा पिंग लहान असतो, तो जाणारच.

विंडोजवरची सगळी यादी पॉवरशेलमधल्या 'गेट-नेटअॅडॅप्टरअॅडव्हान्स्डप्रॉपर्टी' ने काढून ठेवा. ड्रायव्हर अपडेटनंतर हे आकडे मूळपदावर गेलेले सापडतात, म्हणून अपडेटच्या आधीची आणि नंतरची अशा दोन प्रती घेऊन तुलना करायची सवय ठेवा.

प्रश्न : नोंदीत 'वेग १००, फुल डुप्लेक्स, पक्का' असं लिहिलेलं आहे आणि आता पोर्ट फार मंद चालतो. स्विच नवीन आहे.

नव्या स्विचचा पोर्ट ऑटोवर असणार. एक बाजू पक्की आणि दुसरी ऑटो असली की ऑटोवाल्या बाजूला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स (दोन्ही दिशा एकाच वेळी की आळीपाळीने) ओळखता येत नाही, आणि नियमानुसार ती हाफ धरते. मग हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा होणाऱ्या टकरी) आणि फुल बाजूला सीआरसीच्या (तपासणी-बेरजेच्या) चुका वाढतात. दोन्हीकडे ऑटो करा. १००० बेस-टीला तर ऑटो-निगोशिएशन अनिवार्यच आहे. या सेटिंगची नोंद दोन्ही टोकांची एकत्रच हवी. एका टोकाची नोंद असून नसल्यासारखी. २५ गिगाबिटवर एफईसीचंही (वाटेतल्या चुका दुरुस्त करण्याच्या पद्धतीचंही) हेच, एकीकडे आरएस आणि दुसरीकडे बेस-आर असेल तर लिंक वर येत नाही.

प्रश्न : आम्ही स्वतःचा बोर्ड बनवतो आणि त्याचा इथरनेट ड्रायव्हरही आमचाच आहे. ग्राहकांसाठी सेटिंग्जचं दस्तऐवज लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. सोर्समधली पॅरामीटरची वर्णनं उचलून यादी केली, तरी ग्राहकांचे फोन थांबत नाहीत.

सोर्समधलं वर्णन 'आरएक्स कोअलेसिंग टाइम' एवढंच सांगतं. ग्राहकाला एकक हवं असतं: मायक्रोसेकंद की चिपच्या घड्याळाचे ठोके? मर्यादा हव्या असतात, आणि मर्यादेबाहेरचा आकडा दिला तर ड्रायव्हर नकार देतो, जवळचा घेतो की मूळचा ठेवतो, हे हवं असतं. ० चा अर्थ तर दर वेळी वेगळा लिहावा लागतो. कुठे तो 'बंद', कुठे 'मर्यादा नाही', कुठे 'ड्रायव्हरने ठरवावं'.

फोन बहुधा येतात ते 'बदललं पण काही झालं नाही' म्हणून. त्यावर लिनक्सच्या डेव्हलिंकमधली (कार्डाच्या सेटिंग्ज हाताळणाऱ्या व्यवस्थेतली) विभागणी उसनी घ्या, ड्रायव्हर डेव्हलिंक वापरत नसला तरीही. तिच्यात प्रत्येक पॅरामीटरचा प्रकार ठरलेला आहे: रनटाइम म्हणजे लगेच लागू, ड्रायव्हरइनिट म्हणजे 'डेव्हलिंक डेव्ह रीलोड' नंतर, आणि पर्मनंट म्हणजे कार्डातल्या कायम स्मृतीत लिहिलं जाणारं, जे हार्ड रिसेटनंतरच लागू होतं आणि ऑपरेटिंग सिस्टिम पुसून नवी टाकली तरी तसंच राहतं. हा रकाना तुमच्या तक्त्यात नावाच्या लगेच पुढे ठेवा. फर्मवेअरचीही आवृत्ती डेव्हलिंक तीन भागांत दाखवतं, फिक्स्ड, रनिंग आणि स्टोअर्ड. साठवलेली नवी आणि चालणारी जुनी असा फरक दिसला की रीबूट राहिला आहे. ग्राहकाकडून फोनवर आधी हेच विचारून घ्या.

कर्नलमध्ये ड्रायव्हर पाठवायचा विचार असेल तर नवे मॉड्यूल पॅरामीटर नेटवर्कच्या देखभालकर्त्यांना रुचत नाहीत. जे इथटूल किंवा डेव्हलिंकमधून देता येतं ते तिथूनच द्या, दस्तऐवजही त्यामुळे निम्मं होतं.

तुमचा बोर्ड आहे म्हणजे डिव्हाइस ट्रीही (बोर्डावर कुठलं हार्डवेअर कसं जोडलं आहे हे कर्नलला सांगणारी फाइल) असेल, आणि तिथे एक ओळ अशी आहे जिच्यासाठी पूर्ण परिच्छेद खर्च करावा: 'फाय-मोड'. फाय म्हणजे केबलवरचे संकेत हाताळणारी चिप, आणि आरजीएमआयआय म्हणजे तिला इथरनेट कंट्रोलरशी जोडणाऱ्या तारा. आरजीएमआयआयमध्ये गिगाबिटला घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचं आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर असतो, म्हणजे एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत ४ नॅनोसेकंद. डेटा नीट वाचला जावा म्हणून घड्याळ सुमारे २ नॅनोसेकंद मागे सरकवावं लागतं. हा उशीर पीसीबीवरच्या लांब तारेने दिलेला असेल तर 'आरजीएमआयआय', चिपने दोन्ही दिशांना द्यायचा असेल तर 'आरजीएमआयआय-आयडी', एकाच दिशेला असेल तर 'आरएक्सआयडी' किंवा 'टीएक्सआयडी'. दोघांनीही दिला किंवा कोणीच दिला नाही, तर लक्षण फसवं असतं: लिंकचा दिवा लागतो, वेग १००० दिसतो, पण पाकिटं येत नाहीत किंवा सीआरसीच्या चुका धो-धो वाढतात. १०० मेगाबिटवर कधी कधी निभावून जातं, त्यामुळे दोष केबलवर ढकलला जातो. दस्तऐवजात हे लक्षण जसंच्या तसं लिहा आणि उशीर नेमका कोण देतो ते बोर्डाच्या आवृत्तीनुसार लिहा.

याचाच एक भाऊबंद आहे. नेटवर्कवरून बूट केलं की सगळं चालतं, एसडी कार्डवरून बूट केलं की चालत नाही. बूटलोडरने स्वतःला पोर्ट हवा म्हणून फायमध्ये उशीर भरून ठेवलेला असतो आणि कर्नल त्यावर आयता चालतो. कार्डवरून बूट करताना बूटलोडर फायला हात लावत नाही, मग डिव्हाइस ट्रीतली चूक उघडी पडते. तपासणी दोन्ही मार्गांनी बूट करूनच करायची, असं पायऱ्यांमध्ये घाला.

फायचा एमडीआयओ (फायच्या सेटिंग्ज लिहा-वाचायची बस) पत्ता ० ते ३१ मधला कुठला आहे आणि तो कुठल्या रेझिस्टरांनी ठरतो, हेही द्या. ० शक्यतो टाळा, काही फाय या पत्त्याला 'सर्वांसाठी' समजून उत्तर देतात आणि एकाच बसवर दोन फाय असले की गोंधळ होतो. मॅक पत्ता डिव्हाइस ट्रीत कोरून पाठवू नका, नाहीतर सगळे बोर्ड एकाच पत्त्याचे निघतील. तो बूटलोडर 'लोकल-मॅक-अॅड्रेस' मध्ये भरतो. तो कुठून घेतो, ईईप्रॉममधून की चिपच्या फ्यूजमधून, ते लिहा. पत्ता सापडला नाही तर बरेच ड्रायव्हर यादृच्छिक पत्ता घेतात. अशा पत्त्याच्या पहिल्या बाइटचा दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असतो. दर रीबूटला आयपी बदलतो अशी तक्रार आली की ग्राहकाला आधी तो अंक वाचायला सांगा.

प्रश्न : नवं कार्ड बसवल्यावर जुन्या पोर्टचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं. नोंदीतली नावं काय कामाची?

या नावातला ३ हा बसचा क्रमांक आहे, आणि नव्या कार्डामुळे बसची मोजणी पुढे सरकली. ज्या पोर्टची नावं इतर फाइलींमध्ये वापरली आहेत त्यांच्यासाठी मॅक पत्त्यावर जुळणारी डॉट-लिंक फाइल करून स्वतःचं नाव द्या. ईटीएच० सारखं नाव मात्र देऊ नका, कर्नल स्वतः तीच नावं वाटतो आणि बूटच्या वेळी टक्कर होते.

प्रश्न : एका मोजमाप-यंत्राला जोडलेला जुना संगणक आहे, त्यात एनई२००० जातीचं आयएसए (जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) कार्ड. जंपर हलले आहेत आणि कागद हरवला आहे. सेटिंग कशी शोधावी, आणि पुन्हा हरवू नये म्हणून काय लिहावं?

कार्ड काढा, जंपरच्या पट्ट्यांचा जवळून फोटो घ्या आणि कार्डावर छापलेले संकेत वाचा. दोन गोष्टी शोधायच्या आहेत: आयओचा मूळ पत्ता आणि आयआरक्यू (इंटरप्टच्या ओळीचा क्रमांक). पत्ता बहुधा हेक्स ३०० असतो. हे कार्ड ३२ पत्ते व्यापतं, म्हणजे ३०० ते ३१एफ. ३६० वर ठेवलं तर ते ३७एफ पर्यंत जातं आणि ३७८ वरच्या प्रिंटर पोर्टवर चढतं. कार्ड सापडतं, पण प्रिंटर आणि नेटवर्क आलटून पालटून बिघडतात. आयआरक्यू ३ दुसऱ्या सिरियल पोर्टचा आहे आणि मोजमाप-यंत्र बहुधा सिरियलवरच असतं, म्हणून तो टाळा. ५ अनेकदा साउंड कार्ड घेतं. १० मोकळा असेल तर तोच बरा.

ज्या बोर्डावर पीसीआयही आहे, तिथे बायोसमध्ये तो आयआरक्यू 'लेगसी आयएसए' साठी राखून ठेवावा लागतो, नाहीतर बायोस तो पीसीआय कार्डाला देऊन टाकतो. लिनक्सवर एनई मॉड्यूल चढवताना पत्ता द्यावाच लागतो, ते स्वतः शोधत नाही. आधी 'प्रॉक' मधल्या आयओपोर्ट्स आणि इंटरप्ट्स या दोन फाइली वाचा आणि जागा मोकळी आहे याची खात्री करा.

नोंद तीन जागी सारखी हवी: जंपर, बायोस आणि मॉड्यूलची ओळ. कागद पुन्हा हरवेलच, तेव्हा पत्ता आणि आयआरक्यू कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीवर मार्करने लिहा आणि जंपरचा फोटो त्या संकेतांसह संगणकाच्या झाकणाला आतून चिकटवा.